विकायची वेळ येऊ नये म्हणून: सामान्य माणसाची शेअर गुंतवणूक, पायरीपायरीने

ऑक्टोबर २००८ मध्ये मी माझ्याकडचे सगळे शेअर विकले. घाबरलो होतोच, पण विकण्याचं कारण वेगळं होतं. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये फ्लॅट बुक केला होता, पुढचा स्लॅब पडला की बिल्डरला हप्ता द्यायचा होता, आणि त्या हप्त्याचे पैसे मी 'वर्षभर पडून कशाला ठेवायचे' म्हणून शेअरमध्ये घातले होते. जानेवारीत सेन्सेक्सने, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांच्या निर्देशांकाने, २१,००० ओलांडले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस तो काही काळ ८,००० च्याही खाली गेला. नेमका त्याच महिन्यात स्लॅब पडला. शेअर विकून आले त्यात हप्ता भागला नाही, उरलेले पतसंस्थेतून कर्जाने काढले. दोन वर्षांनी, २०१० च्या दिवाळीत, सेन्सेक्स पुन्हा २१,००० वर आला. तेव्हा माझ्या डीमॅट खात्यात (शेअर ठेवायचं इलेक्ट्रॉनिक खातं) एकही शेअर नव्हता.

त्यानंतर सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सांभाळत मी नव्याने सुरुवात केली. आता निवृत्त झालोय. भाचे, पुतणे, सोसायटीतली मुलं विचारतात, "काका, कोणता शेअर घेऊ?" या प्रश्नाला माझ्या मते पाचवा नंबर आहे. त्याच्या आधीची चार कामं झाली नसतील तर चांगला शेअरसुद्धा चुकीच्या दिवशी विकावा लागतो. म्हणून ज्या क्रमाने कामं करावीत त्याच क्रमाने लिहितो.

पहिली पायरी: पैशांचे ढीग वेगळे करा

एक वही घ्या आणि घरातल्या प्रत्येक रकमेपुढे ती कशासाठी आहे आणि कधी लागणार आहे ते लिहा. मुलीची इंजिनिअरिंगची फी, तीन वर्षांनी. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, यंदा. ट्रॅक्टरचा हप्ता, दर सहा महिन्यांनी. पुढच्या पाच ते सात वर्षांत लागणारा एकही रुपया शेअरमध्ये जाऊ नये. त्या रकमेला बँकेची मुदत ठेव आणि पोस्टाच्या योजना आहेत. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकांनाही. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हे संरक्षण नाही. आपल्या जिल्ह्यात दर चौकात पतसंस्था दिसते आणि पाव-अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून लोक आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवतात, त्यांनी हा फरक जाणून घ्यावा.

दुसरा ढीग अडीनडीचा. पगारदाराने किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा, कंत्राटी कामगाराने नऊ ते बारा महिन्यांचा. कांदा-द्राक्षवाल्याने एका पूर्ण हंगामाचा खर्च अधिक घरखर्च. हे आकडे मोठे वाटतील, पण मार्च २०२० आठवा. २३ मार्चला एका दिवसात सेन्सेक्स ३,९०० अंकांहून जास्त, म्हणजे सुमारे १३ टक्के कोसळला आणि २६,००० च्या खाली बंद झाला. त्याच आठवड्यात टाळेबंदी लागली. अंबड-सातपूरची यंत्रं थांबली. निफाड-दिंडोरीत द्राक्षं वेलीवर तयार होती आणि ती न्यायला गाडी मिळत नव्हती. शेअर पडायला आणि आपलं उत्पन्न अडायला एकच मुहूर्त लागतो, हे मी दोनदा पाहिलंय. दोन्हीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, त्यामुळे अडीनडीला शेअर विकू हा हिशेब तिथेच मोडतो. ज्यांच्याकडे तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बाजूला होता त्यांनी काही न करता वाट पाहिली, आणि त्याच डिसेंबरअखेर सेन्सेक्स ४७,००० च्या वर होता.

घरात कमावणारा एकच असेल तर साधा मुदत विमा आणि सगळ्यांचा आरोग्य विमा आधी घ्या. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी फेडा. तिथलं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या घरात जातं, आणि तेवढं सातत्याने मिळवून देणारा शेअर कुणालाही माहीत नाही.

या सगळ्यानंतर जे उरेल, मग ते महिन्याला ५०० रुपये का असेना, तो तुमचा शेअरचा ढीग.

दुसरी पायरी: किती थांबावं लागेल, याचा खरा अंदाज घ्या

'शेअर बाजार दीर्घ मुदतीत वाढतोच' हे वाक्य ऐकताना मला नेहमी १९९२ आठवतं. त्या एप्रिलमध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला होता. हर्षद मेहता घोटाळा उघड झाला आणि बाजार कोसळला. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, सेन्सेक्स ३,००० च्या आसपास होता. शिखरावर एकरकमी पैसे घातलेल्या माणसाचा अकरा वर्षांनीही तोटाच होता, लाभांश काय मिळाला असेल तेवढाच. जपानचं उदाहरण याहून कठोर आहे. तिथल्या निक्केई निर्देशांकाने १९८९ च्या अखेरीस गाठलेली उंची पुन्हा गाठायला २०२४ साल उजाडलं.

हे मुद्दाम आधी सांगतोय. पण त्याच अकरा वर्षांत जो दर महिन्याला थोडे थोडे घेत राहिला, त्याची बरीच खरेदी तीन-चार हजारांच्या पातळीला झाली, आणि जानेवारी २००८ पर्यंत ती पाच ते सात पट झाली. एकरकमी आणि हप्त्याहप्त्याने, यांतला फरक इतका असू शकतो.

आता आकडेमोड. महिना ३,००० रुपये, वर्षाला सरासरी १२ टक्के धरले तर दहा वर्षांनी सुमारे ७ लाख होतात. पंधरा वर्षांनी सुमारे १५ लाख, वीस वर्षांनी सुमारे ३० लाख. तुमच्या खिशातून गेलेले वीस वर्षांत ७ लाख २० हजार. म्हणजे पहिल्या पंधरा वर्षांत जेवढं जमतं, जवळजवळ तेवढंच शेवटच्या पाच वर्षांत जमतं. १२ टक्क्यांची हमी कुणी देत नाही. १० टक्केच मिळाले तर वीस वर्षांनी ३० च्या जागी सुमारे २३ लाख होतील. ही दोन्ही उत्तरं वहीत लिहून ठेवा. पहिली सात-आठ वर्षं रक्कम इतकी सावकाश हलते की बहुतेक लोक तिथेच कंटाळून सोडतात.

माझ्या मावसभावाची निफाड तालुक्यात बाग आहे. त्याला हे समजवायला मला वेळ लागला नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, औषधं, खतं, मजुरी सगळा खर्च होतो आणि हाताला एक मणी लागत नाही. पण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जे घड दिसतात, ते त्या एप्रिलनंतरच्या काडीच्या डोळ्यात आधीच तयार झालेले असतात. तो मला म्हणाला, "मग तुमच्या शेअरचा एप्रिल दहा वर्षांचा दिसतोय." त्याचं म्हणणं बरोबर आहे.

तिसरी पायरी: खातं

पॅन, आधार आणि बँक खातं एवढं लागतं. ब्रोकर, म्हणजे शेअरचा दलाल, सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदलेला आहे का, ते सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. तुमचे शेअर ब्रोकरकडे राहत नाहीत, ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींपैकी एकीकडे तुमच्या नावावर राहतात. ज्या महिन्यात व्यवहार झाला त्या महिन्याचा त्यांचा एकत्रित खातेउतारा ईमेलवर येतो. तो उघडून पाहायची सवय ठेवा. ब्रोकरच्या ॲपमध्ये दिसतंय ते आणि या उताऱ्यात दिसतंय ते जुळलं पाहिजे.

छोट्या गुंतवणूकदाराला 'बेसिक सर्व्हिसेस डीमॅट' मागता येतं. सप्टेंबर २०२४ पासून या खात्यात ४ लाखांपर्यंतचे शेअर असतील तर वार्षिक शुल्क लागत नाही, १० लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. त्यासाठी सगळ्या डिपॉझिटरींत मिळून तुमचं एकच खातं असावं लागतं. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, एजंटचा नको. ओटीपी आणि पिन कुणालाही सांगू नका, घरी फॉर्म भरायला आलेल्या ओळखीच्या मुलालाही नाही.

खातं उघडताना 'फ्युचर्स आणि ऑप्शन्स सुरू करायचे का' असा एक रकाना येतो. शेअरच्या पुढच्या भावावर पैज लावण्यासारखे हे मुदतीचे करार असतात. तो रकाना रिकामा सोडा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ऑप्शन-फ्युचर्स करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात निघाल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. कॉलेज रोडच्या कॅफेंत मोबाइलवर ऑप्शन खेळणारी पोरं मी पाहतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. त्यांच्यातले बरेच हुशार आहेत, पण त्या खेळाची रचनाच त्यांच्या विरुद्ध आहे. उधारीवर शेअर घेण्याची सोयही अशीच बंद ठेवा. घसरणीत ब्रोकर तुम्हाला न विचारता शेअर विकू शकतो, म्हणजे जे टाळायला आपण पहिली पायरी चढलो तेच पुन्हा.

व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर कुणी 'महिन्याला खात्रीने १० टक्के' म्हणत असेल तर पुढचं वाचूही नका. खात्रीशीर परताव्याचं आश्वासन देणं सेबीच्या नियमांत बसतच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात. ब्रोकरबद्दलची तक्रार सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर करता येते.

चौथी पायरी: सुरुवात निर्देशांकापासून

पहिली तीन वर्षं स्वतः एकही शेअर निवडू नका, असं मी सगळ्यांना सांगतो. निफ्टी ५० (सेन्सेक्ससारखाच, पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) किंवा सेन्सेक्सचा इंडेक्स फंड घ्या, म्हणजे त्या निर्देशांकातल्याच कंपन्यांचे शेअर घेणारा म्युच्युअल फंड. डायरेक्ट प्लॅन (मधे वितरक नाही), ग्रोथ पर्याय (लाभांश न वाटता रक्कम फंडातच राहते), दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप हप्ता. रेग्युलर प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन दरवर्षी तुमच्या रकमेतून जातं. वर्षाला अर्धा-एक टक्का म्हणजे फार नाही असं वाटतं, पण वर १२ आणि १० टक्क्यांतला वीस वर्षांचा फरक ७ लाखांचा निघाला, तो आठवा.

निर्देशांकाचा मोठा गुण असा की तो स्वतःला झाडून काढतो. निफ्टीतल्या कंपन्यांचा दर सहा महिन्यांनी आढावा होतो, मागे पडलेली बाहेर जाते, पुढे आलेली आत येते. कुठली कंपनी बुडेल हे तुम्हाला ओळखावं लागत नाही.

ज्यांचं उत्पन्न हंगामी आहे त्यांनी हप्ता महिन्याचा ठेवायलाच हवा असं नाही. लासलगावला कांद्याची पट्टी झाली, द्राक्षाचे पैसे आले की आधी पुढच्या हंगामाचा खर्च बाजूला काढा. उरलेली रक्कम लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पैसे पटकन काढता येणारा फंड) ठेवून दहा-बारा महिन्यांत भाग पाडून इंडेक्स फंडात वळवा. आणि ज्या वर्षी पिकाचे भाव पडले त्या वर्षी काहीच घालू नका. खाडा झाला म्हणून कुणी दंड करत नाही.

पाचवी पायरी: एखादी कंपनी स्वतः निवडायची असेल तर

आता आला तो प्रश्न. शेअरच्या ढिगातल्या दर १०० रुपयांपैकी फार तर २० रुपये यासाठी ठेवा, आणि एका कंपनीत एकूण शेअर गुंतवणुकीच्या ५ टक्क्यांहून जास्त घालू नका.

कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, बीएसई आणि एनएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवरही असतो. दोनशे-तीनशे पानं पाहून दडपण येतं. मी त्यात प्रथम एकच गोष्ट पाहतो: कागदावर नफा दिसतोय तेवढे पैसे खरंच हातात आले का?

अंबडमध्ये ज्याने छोटं वर्कशॉप चालवलंय त्याला हे लगेच कळेल. मोठ्या कंपनीला पार्ट पुरवले, बिल फाडलं, हिशेबात नफा लागला. पण पेमेंट नव्वद दिवसांनी, कधी सहा महिन्यांनी. तोवर स्टील उधार, पगार ओव्हरड्राफ्टमधून. असं वर्कशॉप वहीत नफ्यात असतं आणि एके दिवशी बंद पडतं. मोठ्या कंपनीतही हेच तपासायचं. अहवालात 'रोख प्रवाह' नावाचं पत्रक असतं, त्यातला व्यवसायातून आलेला रोख पैसा दहा वर्षांचा जोडा. शेजारी दहा वर्षांचा निव्वळ नफा जोडा. कारखानदारी, औषधं, ग्राहकोपयोगी वस्तू अशा धंद्यांत पहिली बेरीज दुसरीच्या आसपास किंवा जास्त असावी. फारच कमी असेल तर ती कंपनी सोडा, कारण शोधत बसू नका. बँका आणि वित्त कंपन्यांना ही कसोटी लागू पडत नाही, आणि म्हणूनच नवख्याने त्या स्वतः निवडू नयेत, इंडेक्स फंडातून त्या येतातच.

बाकी तपासण्या झटपट होतात. कंपनीवरचं कर्ज हे भागभांडवल आणि गंगाजळी यांच्या बेरजेपेक्षा जास्त नको. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभी करून चालवणाऱ्या मालकांनी, आपले शेअर तारण ठेवलेले नकोत. लेखापरीक्षक मुदतीच्या मधेच सोडून गेलेले नकोत. गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा बरीच वर्षं १५ टक्क्यांच्या वर असावा. आणि भाव: शेअरच्या किमतीला प्रति शेअर नफ्याने भागा. उत्तर ६० आलं तर आजच्या नफ्याने तुमचे पैसे वसूल व्हायला साठ वर्षं लागतील असा त्याचा ढोबळ अर्थ. कंपनी भराभर वाढेल हे गृहीत धरूनच तो भाव लागलेला असतो. वाढ अडखळली की भाव आधी पडतो.

एवढं करूनही फसवणूक होऊ शकते. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याचं पत्रातून कबूल केलं. ताळेबंदात दाखवलेले ५,००० कोटींहून अधिक रुपये अस्तित्वातच नव्हते. शेअरने त्या दिवशी तीन चतुर्थांशाहून जास्त किंमत गमावली. ती कंपनी तेव्हा सेन्सेक्स आणि निफ्टी दोन्हींत होती. रोखीचे आकडेच खोटे असतील तर माझी वरची कसोटी काही पकडणार नाही. ५ टक्क्यांची मर्यादा यासाठीच आहे: एक कंपनी शून्य झाली तरी घर हलू नये.

नाशिककरांसाठी आणखी एक. तुमची नोकरी वाहन उद्योगाच्या कारखान्यात, घर त्याच कारखान्यामुळे वाढलेल्या वसाहतीत, शेजाऱ्याचं वर्कशॉप त्याच कारखान्याला पुरवठा करतं. मग शेअरही वाहन कंपन्यांचेच घेऊ नका, कितीही ओळखीचे वाटले तरी. तो धंदा मंदावला तर पगार, घराची किंमत आणि शेअर तिन्ही एकदम खाली येतील. द्राक्षवाल्याने वाइन कंपनीचा शेअर घेणं याच जातीचं. ओळखीचा धंदा समजतो हे खरं, पण ज्यावर चूल चालते त्यावरच पुन्हा पैज लावणं जड जातं.

सहावी पायरी: वर्षातून एक दिवस

मी दसऱ्यानंतरचा रविवार ठरवलाय. त्या दिवशी वही काढतो, हप्ते नीट गेले का पाहतो, पगार वाढलेल्या वर्षांत हप्ता १० टक्क्यांनी वाढवायचो. प्रत्येक कंपनी घेताना 'का घेतली' हे तीन ओळींत लिहून ठेवलंय, ते वाचतो. कारण अजून खरं असेल तर भाव काहीही असो, पान उलटतो. बाकीच्या दिवशी भाव पाहायचं ॲप मोबाइलच्या पहिल्या पानावर ठेवलेलं नाही. दुपारच्या बातम्यांतला 'गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले' हा मथळा न विकणाऱ्यासाठी नसतो.

बाजार ३० टक्के पडला तर काय करायचं, हे शांत दिवशीच लिहून ठेवा. माझ्या वहीत लिहिलंय: हप्ता चालू ठेवायचा, अडीनडीच्या ढिगाला हात लावायचा नाही, आणि पंधरा दिवस कुठलाही नवा निर्णय घ्यायचा नाही.

सातवी पायरी: विकणं

विकण्याची तीन कारणं मी मानतो. ज्यासाठी जमवलं ते काम जवळ आलं; घेतानाचं कारण खोटं ठरलं; किंवा एक शेअर वाढून वाढून फार मोठा वाटा झाला. पहिल्या कारणासाठी तीन वर्षं आधीपासून दरवर्षी एक तृतीयांश काढून मुदत ठेवीत घाला. मुलीची फी जूनमध्ये भरायची आणि मेमध्ये शेअर विकायचे, हे करू नका. मी कसा अडकलो ते वर सांगितलंच आहे.

कर असा: २३ जुलै २०२४ पासून, बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या शेअर किंवा इक्विटी फंडाच्या नफ्यावर वर्षाला १.२५ लाखांपर्यंत कर नाही, त्याहून वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. बारा महिन्यांच्या आत विकलं तर २० टक्के. लाभांश तुमच्या उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने कर लागतो. मोठी रक्कम काढायची असेल तर काही मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये विकली की दोन आर्थिक वर्षांची सूट मिळते.

आठवी पायरी: घरच्यांना सांगा

नॉमिनी नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका. नॉमिनी शेअरचा मालक होत नाही, वारसांसाठी तो ते सांभाळतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. वाटणी तुम्हाला हवी तशी व्हायची असेल तर मृत्युपत्र करा.

आई-वडिलांच्या ट्रंकेत कागदी शेअर सर्टिफिकेटं आहेत का पाहा. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकून हस्तांतरित करता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नसेल तर ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे, आयईपीएफकडे, गेलेले असतात. तिथून ते अर्ज करून परत मिळतात, पण कागदपत्रांची यादी लांबलचक आहे. पंचवटीतल्या एका नातलगांच्या घरी आम्ही असे शेअर शोधले तेव्हा सर्टिफिकेटवरचं आजोबांचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना. प्रतिज्ञापत्र, बँकेकडून सही पडताळणी, वारस दाखला, असं करत वर्षाहून जास्त गेलं. हे काम ज्यांच्या नावावर शेअर आहेत ती व्यक्ती हयात असतानाच करून घ्या.

शेवटचं काम मी मागच्या दसऱ्याला केलं. बायकोला एका बाजूला खुर्ची दिली, मी दुसऱ्या खोलीत बसलो, आणि तिने वहीतल्या सूचना वाचून एकटीने सगळी खाती उघडून दाखवायची असं ठरवलं. तीन ठिकाणी ती अडली: एका बँकेचा मोबाइल नंबर जुना होता, एका फंडात नॉमिनी माझी दिवंगत आई होती, आणि ब्रोकरचा फोन नंबर मी लिहिलाच नव्हता. त्याच आठवड्यात तिन्ही चुका दुरुस्त केल्या. यंदा ती वही मुलगी वाचणार आहे.